साठवण उपकरणांची मानके कोण ठरवते, आणि त्यात मोकळे काय सोडले जाते?

स्थिरस्मृती (धागालेखक)

एका कंपनीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची बसवली, तर स्क्रूची भोके जुळतात, केबल बसते आणि संगणक नव्या डिस्कला विनातक्रार ओळखतो. यामागे कोणत्याही सरकारचा कायदा नाही. एकमेकांचे ग्राहक पळवायला टपलेल्या कंपन्यांचे अभियंते वर्षानुवर्षे एका टेबलाभोवती बसून मिलिमीटर, व्होल्ट आणि कमांडचे क्रमांक ठरवत आले, म्हणून हे घडते. या गटांची ओळख करून द्यावी आणि त्यांच्या कामाच्या एका अंगाकडे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा धागा काढतो आहे.

सर्वांत जुनी परंपरा औपचारिक समित्यांची आहे. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने आपल्या डिस्कसाठी 'सासी' नावाची जोडणी तयार केली होती. ती पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे अ‍ॅन्सीच्या, मान्यतेने चालणाऱ्या एक्स३ समितीकडे गेली आणि १९८६ मध्ये 'स्कझी' या नावाने मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ते काम करणारा गट आज टी१० म्हणून ओळखला जातो, आणि आजच्या सर्व्हरमधील सॅस ही जोडणीही त्याच्याच अखत्यारीत येते. टी११ फायबर चॅनेल (साठवणीच्या जाळ्यांची जोडणी) पाहते, टी१३ एटीए (घरगुती संगणकातील डिस्कची जोडणी) पाहते, आणि या तिन्ही समित्या इन्सिट्स या संस्थेच्या आहेत. एटीएच्या बाबतीत मात्र वरात आधी आणि मुहूर्त नंतर असा प्रकार झाला. आयडीई (एटीएचेच बाजारातील नाव) डिस्क १९८६ च्या सुमारास बाजारात आली आणि तिचे अधिकृत मानक १९९४ मध्ये छापून आले. मधल्या काळात प्रत्येक उत्पादकाचा आयडीई थोडाथोडा वेगळा होता, आणि एकाच केबलवर मास्टर-स्लेव्ह म्हणून लावलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्क एकमेकींशी जमवून घेतीलच याची खात्री नसे.

दुसरी परंपरा कंपन्यांनी स्वतः काढलेल्या संघांची. समित्यांची संथ चाल अनेकांना परवडत नव्हती, शिवाय तिथे मताधिकार सर्वांना सारखा. इंटेल, डेल, सीगेट, मॅक्स्टर वगैरे कंपन्यांनी २००० मध्ये सीरियल एटीएसाठी कार्यगट काढला, आणि त्याचे रूपांतर २००४ मध्ये साटा-आयओ या संस्थेत झाले. एसएसडींसाठीच्या (फिरता भाग नसलेल्या, फ्लॅश चिपांवर डेटा ठेवणाऱ्या साठवणीसाठीच्या) एनव्हीएमई या मानकाचे मूळही इंटेलच्या पुढाकाराने २००७ मध्ये निघालेल्या गटात आहे. त्याची पहिली आवृत्ती मार्च २०११ मध्ये आली आणि स्वतंत्र संस्था २०१४ मध्ये नोंदवली गेली. पीसीआय एक्सप्रेस आणि एम.२ कार्डाचे माप पीसीआय-सिग या संघाकडे असते. यांत्रिक मापांसाठी १९९० मध्ये एसएफएफ समिती निघाली, कारण तेव्हा अडीच इंची डिस्क नुकतीच येऊ लागली होती आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांना प्रत्येक उत्पादकासाठी वेगळा कप्पा करणे शक्य नव्हते. ही समिती २०१६ पासून स्निया या साठवण उद्योगाच्या संघटनेच्या छत्राखाली आहे. फ्लॅशच्या टिकाऊपणाच्या चाचण्या जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानक संस्थेकडे आणि कूटबद्धीकरणाचे नियम ट्रस्टेड कंप्युटिंग ग्रुपकडे असतात.

म्हणजे बोटभर लांबीचे एक एम.२ एसएसडी हातात घेतले, तर त्याची रुंदी आणि खाच एका संघाने ठरवलेली असते, कमांड दुसऱ्याने, आतल्या फ्लॅश चिपशी बोलण्याची रीत तिसऱ्याने, कुलूप लावण्याची पद्धत चौथ्याने आणि 'इतके टेराबाइट लिहिता येतील' या दाव्यामागची चाचणी पाचव्याने. पाचही गटांतील सभासद बरेचसे तेच असतात, एवढेच.

आता मुख्य मुद्दा. कोणतेही मानक वाचताना त्यात काय बंधनकारक आहे हे आपण पाहतो. माझ्या मते काय उत्पादकाच्या मर्जीवर सोडले आहे ते आधी पाहावे, कारण ज्यावर एकमत झाले नाही ते तिथे सापडते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे डिस्कची प्रकृती सांगणारी 'स्मार्ट' ही सोय. कॉम्पॅकने डिस्क उत्पादकांना बरोबर घेऊन ती आधी स्वतःच्या नावाने आणली, १९९५ मध्ये एसएफएफ समितीसमोर ठेवली, आणि पुढे एटीए-३ मानकात तिच्या कमांडना जागा मिळाली. माहिती कशी मागायची हे ठरले. मिळालेल्या आकड्यांचा अर्थ काय हे मात्र ठरले नाही. कोणत्या क्रमांकाचा गुणधर्म काय मोजतो, हे उत्पादकावर सोपवले गेले. परिणाम असा, की गुणधर्म क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, हे बहुतेकांनी पाळले, पण क्रमांक ७ मधील शोधचुकांचा कच्चा आकडा काही डिस्कवर शून्य तर काही धडधाकट डिस्कवर कोट्यवधींत दिसतो. कारण तो आकडा ४८ बिटांचा असतो आणि काही उत्पादक त्याच्या वरच्या भागात चुका व खालच्या भागात एकूण हालचालींची संख्या एकत्र कोंबतात. हे उलगडून दाखवण्यासाठी स्मार्टमॉनटूल्स या मुक्त प्रकल्पात स्वयंसेवकांनी मॉडेलनिहाय सूची जमवली आहे. जे काम समितीत व्हायला हवे होते, ते बाहेरच्यांनी केले.

एनव्हीएमईने ही चूक टाळली. तिथे प्रकृतीची नोंद ५१२ बाइटांची आहे आणि तिची मुख्य घरे ठरलेली आहेत: तापमान केल्व्हिनमध्ये, शिल्लक राखीव जागा टक्क्यांत, वापरलेले आयुष्य टक्क्यांत (ते १०० च्या पुढेही जाऊ शकते), आणि लिहिलेला डेटा ५,१२,००० बाइटांच्या एककात. कोणत्याही कंपनीचे एसएसडी असो, त्या घरांचा अर्थ एकच.

आपले अनुभव आणि मतभेद अवश्य मांडावेत.

चुंबकतबकडी

लेख आवडला. आपण आयडेमाचे नाव घेतले नाही, म्हणून भर घालतो. ही डिस्कसाठी लागणारी यंत्रसामग्री आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली आणि तिची दोन कामे आजही प्रत्येकाच्या उपयोगाची आहेत.

पहिले काम सेक्टरांच्या संख्येचे. पूर्वी एका कंपनीची 'अमुक जीबी'ची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच जीबीच्या डिस्कपेक्षा काही हजार सेक्टरांनी लहान निघे. घरच्या वापरात त्याने काही बिघडत नाही. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून एक बिघडली तरी डेटा वाचवण्याच्या रचनेत) मात्र बिघडलेल्या डिस्कच्या जागी आणलेली नवी डिस्क एका सेक्टरानेही लहान असली तरी कंट्रोलर ती नाकारू शकतो. आयडेमाने यासाठी एक सूत्र ठरवले. ५१२ बाइटांच्या सेक्टरांसाठी, जीबीतील क्षमतेतून ५० वजा करायचे, उरलेल्या संख्येला १९,५३,५०४ ने गुणायचे आणि त्यात ९,७६,९६,३६८ मिळवायचे. एक टीबी म्हणजे १००० जीबी घेतले तर ९५० गुणिले १९,५३,५०४ म्हणजे १,८५,५८,२८,८००, आणि बेरीज येते १,९५,३५,२५,१६८. कोणतीही एक टीबीची हार्ड डिस्क लावून सेक्टर मोजून पाहा, बहुधा हाच आकडा दिसेल. एक लाख कोटी बाइटांपेक्षा ही क्षमता सुमारे वीस कोटी बाइटांनी जास्त भरते. वेष्टनावर या सूत्राचा उल्लेख नसतो आणि त्यासाठी कोणता शिक्काही नाही, तरी उत्पादकांनी ते निमूटपणे स्वीकारले, कारण ते न पाळणाऱ्याची डिस्क मोठे ग्राहक बदली म्हणून घेणार नाहीत.

दुसरे काम चार केबी सेक्टरचे. ५१२ बाइटांच्या प्रत्येक सेक्टरमागे त्रुटी सुधारण्यासाठी सुमारे ५० बाइट खर्च होत होते. आठ सेक्टर एकत्र केले तर ४०० ऐवजी १०० बाइटांत भागते आणि सुधारण्याची क्षमताही वाढते. सर्व उत्पादकांनी एकदम बदल केला नाही तर जो आधी बदलेल तो फसेल, अशी ती परिस्थिती होती. म्हणून आयडेमामार्फत जानेवारी २०११ ही सामायिक मुदत ठरली. जुन्या प्रणालींसाठी डिस्क बाहेरून ५१२ चे सेक्टर दाखवत राहिली आणि आत चार केबीचे सेक्टर वापरू लागली. त्यात विंडोज एक्सपीची अडचण झाली. ती प्रणाली पहिले विभाजन ६३व्या सेक्टरपासून सुरू करते, आणि ६३ ला आठाने भाग जात नाही. त्यामुळे प्रत्येक चार केबीचे लेखन दोन भौतिक सेक्टरांवर पडे आणि डिस्कला आधी वाचा, मग बदला, मग लिहा अशी द्राविडी प्राणायामाची कसरत करावी लागे.

रात्रपाळी

मोकळे सोडलेल्या गोष्टींइतकाच त्रास कधीकधी आधी एका कामासाठी ठरलेली गोष्ट पुढे बदलण्यानेही होतो. साटाच्या वीजजोडणीत १५ पिना असतात आणि त्यातील पहिल्या तीन मुळात ३.३ व्होल्टसाठी राखून ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात हा व्होल्टेज वापरणाऱ्या डिस्क फारच थोड्या निघाल्या. २०१६ च्या ३.३ आवृत्तीत यातील तिसरी पिन नव्या कामाला लावण्यात आली: तिच्यावर व्होल्टेज आले की डिस्कने स्वतःची वीज बंद करायची. हजारो डिस्क असलेल्या दालनात एखादी डिस्क अडकली, तर माणूस न पाठवता दुरूनच ती बंद-चालू करता यावी हा हेतू होता, आणि तो योग्यच आहे.

पण जुने वीजपुरवठे त्या पिनेवर मूळ नियमाप्रमाणे इमानेइतबारे ३.३ व्होल्ट देत होते. अशा संगणकात नवी डिस्क लावली की ती फिरतच नाही, आवाज नाही, कंप नाही, बायोसमध्ये नाव नाही. वापरणारा ती मेलेली समजून परत पाठवतो. कामाच्या ठिकाणी आमच्याकडेही अशी एक खेप 'सदोष' म्हणून परत जाण्याच्या बेतात होती, तेवढ्यात कोणाला तरी तिसऱ्या पिनेची आठवण झाली. उपाय अगदी साधा आहे. कॅप्टन (Kapton) या विद्युतरोधक टेपची दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी त्या पिनेवर चिकटवायची, किंवा ज्यात ३.३ व्होल्टची तारच नसते अशा जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून अडॅप्टरने वीज घ्यायची (स्वस्तातले साच्यात ओतलेले अडॅप्टर मात्र तापून जळू शकतात, ते टाळावेत).

यात दोन्ही बाजूंनी मानक पाळले, तरी वस्तू चालली नाही. हा बदल कोणासाठी झाला हे पाहिले की टेबलावर कोण बसले होते याचा अंदाज येतो. घरी एक डिस्क विकत घेणाऱ्याचा प्रतिनिधी कोणत्याच समितीत नसतो.

जिज्ञासू_वाचक

माहितीपूर्ण चर्चा. एक शंका आहे. जेडेकच्या मानकानुसार एसएसडी वीज नसताना एकच वर्ष डेटा धरून ठेवते, असे अनेकदा वाचले आहे, आणि सर्व्हरची एसएसडी तर फक्त तीन महिने. महाग वस्तूने कमी काळ डेटा टिकवावा, हे कसे? आणि उत्पादकाने ही चाचणी खरोखर केली की नाही, हे जेडेक तपासते का?

विद्युत्कण

आकडे बरोबर आहेत, त्यांचा अर्थ मात्र बहुतेक ठिकाणी चुकीचा लावला जातो. जेडेकने सप्टेंबर २०१० मध्ये दोन मानके काढली. जेईएसडी२१८ मध्ये चाचणीच्या अटी आहेत आणि जेईएसडी२१९ मध्ये चाचणीत कोणत्या प्रकारचे लेखन करायचे ते आहे. त्यातील एक वर्ष आणि तीन महिने हे कालावधी नव्या एसएसडीचे नाहीत. उत्पादकाने जाहीर केलेले सर्व टेराबाइट लिहून संपल्यावर, म्हणजे फ्लॅश घोषित आयुष्याच्या अखेरीस पोहोचल्यावर, ती किमान किती काळ डेटा टिकवेल याची ती अट आहे. नवी किंवा अर्धी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते.

घरगुती आणि सर्व्हर या दोन वर्गांतील फरकाचे कारण असे. घरगुती वर्गात एसएसडी दिवसाला ८ तास ४० अंश सेल्सिअसला चालते आणि नंतर ३० अंशांना वीज नसताना पडून राहते असे गृहीत धरले आहे. सर्व्हर वर्गात ती २४ तास ५५ अंशांना चालते आणि ४० अंशांना पडून राहते. सर्व्हरची एसएसडी महिनोन्महिने विजेविना ठेवली जाणे अपेक्षितच नाही. उत्पादक त्या सवलतीच्या बदल्यात अधिक लेखनक्षमता आणि न सुधारता येणाऱ्या चुकांचे प्रमाण दहापट कमी ठेवण्याचे वचन देतो: घरगुती वर्गात १०^१५ बिटांमागे एक, सर्व्हर वर्गात १०^१६ बिटांमागे एक. म्हणजे त्याच फ्लॅशचा सौदा वेगळ्या ठिकाणी केला आहे.

तापमानाचा परिणाम मात्र खरा आहे. वापरून संपलेली एसएसडी ३० ऐवजी ४० अंशांना ठेवली, तर टिकण्याचा काळ साधारण एक चतुर्थांशावर येतो. २०१५ मध्ये जेडेकच्या एका सादरीकरणातील असाच तक्ता बातम्यांत पोहोचला आणि 'वीज नसेल तर एसएसडी काही दिवसांत कोरी होते' असा गहजब झाला. तक्त्यातील सर्वांत टोकाचे घर उचलून त्याची बातमी केली होती, आणि आयुष्य संपल्यानंतरची ही स्थिती आहे हे कोणी लिहिले नाही.

तपासणीबद्दल: जेडेक मानक लिहिते, प्रमाणपत्र देत नाही. उत्पादक स्वतः चाचणी करतो आणि स्वतःच जाहीर करतो. डेटाशीटमध्ये टीबीडब्ल्यूच्या (एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्या आकड्याच्या) शेजारी जेईएसडी२१९ चा उल्लेख असेल तर निदान कोणत्या प्रकारच्या लेखनावर आकडा काढला हे कळते. तो नसेल, तर सलग मोठमोठ्या तुकड्यांत लिहून काढलेला आकडाही तिथे असू शकतो, आणि फ्लॅशला सलग लेखन फार सोपे जाते.

बिटमोजणी

धागालेखकांचा मुद्दा अर्धाच पटला. स्मार्टच्या आकड्यांचा अर्थ १९९५ मध्येच ठरवून टाकला असता, तर तो त्या काळच्या डिस्कच्या रचनेवर बेतला गेला असता. आज हेलियम भरलेल्या डिस्क आहेत, फ्लॅश आहे, एकमेकांवर चढवलेले ट्रॅक आहेत. त्या वेळच्या घरांत हे बसवताना नाकी नऊ आले असते. एनव्हीएमईला नेटकी नोंद ठरवता आली, कारण तिच्यासमोर पंधरा वर्षांचा अनुभव होता.

मोकळीक टप्प्याटप्प्याने कमी करता येते, याचे उदाहरण म्हणजे ट्रिम ही कमांड. फाइल पुसल्यावर 'ही जागा आता मला नको' असे प्रणाली एसएसडीला कळवते. टी१३ मध्ये कमांड मान्य झाली, पण कळवल्यानंतर तीच जागा वाचली तर काय मिळावे यावर एकमत नव्हते: जुना डेटा, शून्ये, की दर वेळी वेगळे काहीतरी? सुरुवातीला हे खुले ठेवले. नंतर दोन ध्वजबिटे आली. एक सांगते की दर वेळी तेच उत्तर मिळेल, दुसरे सांगते की ते उत्तर शून्येच असेल. ज्याच्या रचनेला हे जमत नाही त्याने बिट लावू नये. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. काही उत्पादकांनी बिट लावले आणि वचन पाळले नाही, त्यामुळे लिनक्सच्या लेखकांना त्या बिटावर सरसकट विश्वास न ठेवता खात्रीच्या मॉडेलांची यादी ठेवावी लागली, हे खरे. पण तो दोष फर्मवेअरचा (उपकरणाच्या आतल्या प्रणालीचा) आहे, समितीचा नव्हे.

कडक मानक असूनही आत काय चालते ते कळतेच असे नाही. स्वयं-कूटबद्ध एसएसडींसाठी 'ओपल' हे विनिर्देश २००९ पासून आहेत. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की बाजारातील काही एसएसडींत पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांचा गणिती संबंधच जोडलेला नव्हता. बाहेरून सगळ्या कमांड बरोबर चालत होत्या, आतले कुलूप मात्र फर्मवेअरमध्ये फेरफार करून पासवर्डशिवाय उघडत होते.

फितवाला

चुंबकीय फितीच्या जगात याच्या उलट टोक पाहायला मिळते. एलटीओ हा संघ एचपी, आयबीएम आणि सीगेट या तिघांनी काढला आणि पहिली पिढी २००० मध्ये १०० जीबी क्षमतेची आली. तिथे मोकळीक जवळजवळ नाही: कार्ट्रिजला परस्परसंगतता चाचणी पार केल्याशिवाय बोधचिन्ह लावता येत नाही, आणि पुढच्या पिढ्यांचा आराखडा आगाऊ जाहीर असतो. एका कंपनीच्या यंत्रात लिहिलेली फीत दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात वाचली जाते, हे अभिलेखागारांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

या शिस्तीलाही मर्यादा आहेत. 'मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचता येतील' हा नियम सातव्या पिढीपर्यंत पाळला गेला. आठव्या पिढीचे यंत्र सहाव्या पिढीची फीत वाचू शकत नाही. नवव्या पिढीसाठी २४ टीबी जाहीर केले होते, २०२१ मध्ये प्रत्यक्षात १८ टीबी आले. शिवाय फीत बनवणाऱ्या कंपन्या दोनच उरल्या, सोनी आणि फुजीफिल्म. त्यांच्यातील पेटंटचा वाद न्यायालयात गेल्यामुळे २०१९ मध्ये आठव्या पिढीच्या कार्ट्रिजचा तुटवडा पडला. मानक खुले होते, यंत्रे तयार होती, पण त्यात घालायला फीत नव्हती.

विद्युत्कण

पेटंटचा विषय निघालाच आहे तर साठवणीच्या शेजारच्या मेमरी क्षेत्रातील एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. रॅम्बस ही कंपनी १९९० च्या दशकात जेडेकच्या बैठकांना बसत होती आणि १९९६ मध्ये बाहेर पडली. पुढे जेडेकच्या मेमरी मानकांत आपले पेटंट वापरले गेल्याचा दावा तिने उत्पादकांवर लावला. बैठकांत बसून पेटंटचे अर्ज लपवले, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००६ मध्ये तिच्यावर ठेवला, तर अपील न्यायालयाने २००८ मध्ये तो निर्णय रद्द केला. जेडेकचे त्या वेळचे प्रकटीकरणाचे नियम पुरेसे स्पष्ट नव्हते, हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. सभासदांनी काय उघड करायचे हेच मोकळे सोडले की काय होते, ते यातून दिसते.

फ्लॅश चिपच्या जोडणीतही एकमत व्हायला वेळ लागला. इंटेल, मायक्रॉन, हायनिक्स वगैरेंनी २००६ मध्ये ओएनएफआय गट काढला, तर सॅमसंग आणि तोशिबा बाहेर राहिले आणि त्यांनी टॉगल मोड आणला. बाजाराचा मोठा हिस्सा या दोघांकडे असल्यामुळे कंट्रोलर बनवणाऱ्यांना दोन्ही भाषा शिकाव्या लागल्या. शेवटी २०१२ मध्ये जेडेकच्या जेईएसडी२३० मध्ये दोहोंना एका छपराखाली आणले गेले.

स्थिरस्मृती

सर्वांचे आभार. बिटमोजणी, ट्रिमचे उदाहरण चपखल आहे आणि सुरुवातीची मोकळीक टाळता येत नाही हे मला मान्य आहे. माझी हरकत आहे ती पुढेही भिजत ठेवलेल्या घोंगड्याला. चढवलेल्या ट्रॅकच्या, म्हणजे एसएमआर डिस्कचेच पाहा. टी१० आणि टी१३ यांनी २०१६ पर्यंत अशा डिस्कसाठी झेडबीसी आणि झेडएसी ही स्वतंत्र मानके तयार केली. डिस्कने आपली ओळख सांगताना ती कोणत्या प्रकारची आहे हे कळवण्यासाठी एटीएमध्ये दोन बिटांचे घरही आहे. त्यात 'सर्व व्यवस्था डिस्क स्वतः करते' असे सांगण्याची सोय आहे. पण त्याच घरात शून्य ठेवले तर त्याचा अर्थ 'कळवलेले नाही' असा होतो, आणि तेही नियमात बसते. २०२० मध्ये नॅससाठी (नेटवर्कवरील साठवणपेटीसाठी) विकलेल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे ग्राहकांना रेडची पुनर्बांधणी रखडल्यावर कळले, तेव्हा मानक मोडल्याचा आरोप कोणावर करता येण्यासारखा नव्हता. तंत्र नवे असताना ही पळवाट समजण्यासारखी होती. मानक छापून झाल्यावर तिला तांत्रिक कारण उरत नाही.

जिज्ञासू_वाचक

विद्युत्कण, खुलाशाबद्दल आभार. आता प्रश्न असा, की ही कागदपत्रे सामान्य माणसाला वाचायला मिळतात का?

स्थिरस्मृती

संघानुसार फरक आहे. एनव्हीएमईचे सर्व विनिर्देश संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. एसएफएफची मापेही स्नियाकडून विनामूल्य मिळतात. अडीच इंची डिस्कच्या भोकांच्या जागा हव्या असतील तर एसएफएफ-८२०१ उघडावे. जेडेकची बरीच कागदपत्रे नोंदणी केल्यावर मिळतात. इन्सिट्सची अंतिम मानके विकत घ्यावी लागतात, आणि पीसीआय-सिगची मूळ कागदपत्रे सभासदांसाठी असतात. सुरुवात करायची असेल तर एनव्हीएमईच्या मूळ विनिर्देशातील प्रकृतिनोंदीचा तक्ता वाचावा. पाने थोडी आहेत आणि तो आपल्याच एसएसडीवर लगेच ताडून पाहता येतो.

रात्रपाळी

त्याच तक्त्याला जोडून एक भर. एनव्हीएमईने नोंदींचे सी० ते एफएफ हे सोळाधारी क्रमांक उत्पादकांच्या खासगी वापरासाठी मोकळे ठेवले आहेत. मोठ्या डेटासेंटरांना चार-पाच उत्पादकांची एसएसडी एकाच वेळी सांभाळावी लागते आणि प्रत्येकाची खासगी नोंद वेगळी वाचणे त्यांना नको होते. म्हणून फेसबुक आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ओपन कंप्युट प्रोजेक्टमार्फत एसएसडीचे स्वतःचे विनिर्देश २०२० मध्ये जाहीर केले. त्यात सी० क्रमांकाच्या नोंदीत कोणत्या बाइटवर काय असावे हे ठरवून दिले आहे: फ्लॅशवर प्रत्यक्ष किती लिहिले गेले, किती ब्लॉक खराब झाले, वगैरे. उत्पादकांसाठी राखलेली जागा खरेदीदारांनीच भरून टाकली, आणि माल विकायचा असल्यामुळे उत्पादकांनी ते मान्य केले. हे विनिर्देशही सर्वांना खुले आहेत. एनव्हीएमई-सीएलआय या साधनात ती नोंद वाचण्याची सोय आहे. दुकानात मिळणाऱ्या घरगुती एसएसडीवर मात्र ती बहुधा सापडणार नाही.